लाइव्ह दिसतंय म्हणजे रेकॉर्ड होतंय असं नाही

प्रश्न : आम्ही मुलुंडला राहतो, मुरबाडजवळ दोन एकर आंब्याची वाडी आहे. तीन वर्षांपूर्वी चार कॅमेरे लावले, इथून रोज मोबाइलवर बघतो, सगळं नीट दिसायचं. मे महिन्यात रात्री कोणीतरी विहिरीवरच्या मोटरची केबल कापून नेली. पोलिसांना द्यायला फुटेज शोधलं तर काहीच नाही, रेकॉर्डिंग फेब्रुवारीतच थांबलेलं. शिवाय रात्री सगळं पांढरं धुरकट दिसतं आणि विहिरीवरचा कॅमेरा दिवसा चालतो, अंधार पडला की बंद-चालू होत राहतो. लावून देणारा म्हणतो सगळं काढून टाका, सोलरवाले घ्या. काय करू? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : काका, वाचून वाईट वाटलं, कारण तुम्ही रोज बघत होता म्हणजे निष्काळजी अजिबात नव्हता. पण मोबाइलवरचं लाइव्ह चित्र आणि डीव्हीआरमधलं (कॅमेऱ्यांचं चित्र साठवणारा डबा) रेकॉर्डिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हार्डडिस्क मेली तरी लाइव्ह मस्त चालू राहतं आणि कोणालाच पत्ता लागत नाही. गावाकडे लाइट सारखी ये-जा करते, त्यात डिस्क लवकर जाते. म्हणून आधी नवीन डिस्क टाका, पण कॉम्प्युटरची साधी नको, कॅमेऱ्यासाठीची मिळते, लॅमिंग्टन रोडला कुठल्याही दुकानात मागा, आणि डीव्हीआरला छोटा यूपीएस द्या. डीव्हीआरच्या सेटिंगमध्ये डिस्क खराब झाली किंवा कॅमेरा बंद पडला की मोबाइलवर मेसेज यायची सोय बहुतेकांत असते, पण ती चालू केलेली नसते, ती आजच करा.

आणि दर रविवारी दोन मिनिटं काढा. लाइव्ह नाही, मागचं बघा, काल रात्री दोन वाजताचं रेकॉर्डिंग उघडा आणि मग सगळ्यात जुना दिवस उघडा. चार कॅमेरे प्रत्येकी २ एमबीपीएसवर (रेकॉर्डिंगचा वेग, सेटिंगमध्ये दिसतो) सतत चालले तर दिवसाला ८६ जीबीच्या आसपास भरतात, म्हणजे १ टीबी डिस्कमध्ये साधारण ११ दिवसच राहतात, पुढे जुनं आपोआप पुसलं जातं. तुम्ही महिन्याने वाडीवर जात असाल तर तोवर चोरीचं फुटेज गेलेलं असतं, त्यामुळे काही झालं की लगेच कॉपी काढायची. तेव्हाच डीव्हीआरचं घड्याळ पण बघा, आतला छोटा सेल संपला की लाइट जाऊन आल्यावर तारीख भलतीच दाखवतो आणि मग पोलिसांना समजावत बसावं लागतं.

आता विहिरीचा कॅमेरा. हा बदलू नका! अंधार पडला की त्याचे आयआर एलईडी (कॅमेऱ्याला अंधारात दिसावं म्हणून असलेले छोटे दिवे) लागतात, करंट जास्त ओढला जातो आणि वाडीवरच्या घरापासून विहिरीपर्यंतच्या बारीक वायरीत व्होल्टेज गळतं. घरातून १२ व्होल्ट निघालेले असतात, रात्री कॅमेऱ्यापाशी मल्टीमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लावा, ११ च्या खाली आले तर हेच कारण समजा. जाड वायर टाका. तिथेच मोटरच्या लाइटवर अडॅप्टर लावू असं कोणी म्हणालं तरी नको, कारण चोर आधी तीच लाइट तोडणार.

धुरकट दिसतं त्याचं कारण बहुतेक वेळा जळमट. एलईडीपाशी किडे येतात, किड्यांमागे कोळी, आणि एकच धागा काचेसमोर असला तरी रात्री त्यावर उजेड पडून पूर्ण चित्र पांढरं होतं. तुमच्या गड्याला बांबूला मऊ झाडणी बांधून द्या, आठवड्यातून एकदा हात फिरवायला सांगा. काच पुसायची तर आधी पाणी मारून धूळ उतरवायची, कोरड्या फडक्याने घासली की ओरखडे पडतात. फारच त्रास असेल तर आयआर दिवा वेगळा घेऊन तीन-चार फूट लांब लावा आणि कॅमेऱ्यातला आयआर बंद करा, किडे तिकडे जातात.

जून लागायच्या आधी कॅमेऱ्याखालची जोडाची पेटी उघडून बघा, आत मुंग्यांनी घर केलेलं नाहीये ना, कनेक्टर हिरवे पडलेत का. वायर पेटीत खालून शिरली पाहिजे आणि त्याआधी तिला खाली एक झोळ सोडा, म्हणजे पाणी तिथूनच टपकतं, आत जात नाही.

सोलरवाला एखादा फाटकावर चालेल, चारही नको. बरेचसे फक्त हालचाल झाली तरच रेकॉर्ड करतात, जुलैत आठ-आठ दिवस ऊन नसलं की बॅटरी उतरते, आणि सिमचा रिचार्ज संपला तर मोबाइलवर दिसणंही बंद.

प्रश्न : आरेत आमचा तबेला आहे, म्हशींच्या गोठ्यातले कॅमेरे सहा-आठ महिन्यांत जातात. कंपनी बदलू का? (एक वाचक, गोरेगाव)

उत्तर : कंपनी बदलून फरक पडणार नाही दादा. गोठ्यात शेण-मुताचा अमोनिया असतो, तो तांबं-पितळ खातो, त्यामुळे कॅमेऱ्याच्या आधी त्याच्या वायरीच्या टोकाची, जोडायची पिन मरते. बंद पडलेला टाकून देऊ नका, पिन कापून नवीन लावून बघा, बरेचदा चालू होतो. नवीन जोड गोठ्याच्या बाहेर, भिंतीपलीकडे काढा, कॅमेऱ्याची शेपटी (मागची छोटी वायर) भोकातून बाहेर घ्या आणि भोक सिलिकॉनने बुजवा. आणि गोठा धुताना पाइपचा फवारा वरती कॅमेऱ्यावर जाणार नाही एवढं धुणाऱ्याला सांगून ठेवा.