घेणाऱ्याच्या बाजूने

प्रिय मुली,

शालोम.

समितीचं काम तुझ्या गळ्यात पडलं हे कळलं. 'गळ्यात पडलं' असंच म्हणतो, कारण सिनेगॉगच्या, म्हणजे आपल्या ज्यू प्रार्थनागृहाच्या, समाजसेवा समितीचं प्रमुखपद क्वचितच कुणी मागून घेतं. बैठकीत ज्याला नजर खाली वळवायला उशीर होतो, त्याला ते मिळतं. मलाही तसंच मिळालं होतं.

तू पाठवलेला वर्षाचा आराखडा दोनदा वाचला. 12 महिने आणि 14 उपक्रम. रक्तदान, जुने कपडे, झाडं लावणं, निर्वासितांसाठी भाषेचे वर्ग, दोन व्याख्यानं. हुरूप दिसतो, आणि तो मला हवाच आहे. पण त्या 14 ओळींत घेणारा माणूस कुठेच दिसला नाही. कोण येणार, कुठल्या दाराने येणार, त्याला नेमकं काय कमी पडतंय, याबद्दल अवाक्षर नाही. सगळा आराखडा देणाऱ्यांचा आहे.

हिब्रूतल्या 'त्सदाका'चं आपण 'दान' असं भाषांतर करतो आणि तिथेच घोळ होतो. शब्दाचं मूळ 'त्सेदेक', म्हणजे न्याय. दान देणाऱ्याच्या मर्जीवर असतं, न्यायावर समोरच्याचा हक्क असतो. तोरा या आपल्या मूळ धर्मग्रंथात, लेवीय 19 मध्ये, शेताचा कोपरा कापू नये, पडलेली कणसं वेचू नयेत, असं सांगितलंय. किती कोपरा, तर मिश्ना, म्हणजे आपला जुना नियमसंग्रह म्हणतो, साठाव्या हिश्श्याहून कमी नाही. आता गंमत बघ. मालकाने पीक कापून, पेंढ्या बांधून, गरिबाच्या हातात द्यायच्या आहेत असं नाही. त्याने फक्त हात आवरायचा. गरीब येतो, स्वतःच्या हातांनी तोडतो आणि घेऊन जातो. कुणाला मिळावं हे ठरवायची मुभासुद्धा मालकाला नाही. म्हणजे हा सगळा कायदा घेणाऱ्याच्या बाजूने उभं राहून लिहिलाय.

हे मला पुस्तक वाचून नाही, तोंडघशी पडून कळलं. पुरीमच्या सणाला किमान दोन गरजूंना भेट द्यायची असते, हे तुला ठाऊक आहेच. माझ्या पहिल्याच वर्षी मी ठरवलं की यंदा थाटात करू. सभागृह भरलेलं, मुलं रंगीबेरंगी वेशात, आणि मी पाच कुटुंबांना पुढे बोलावून पाकिटं दिली. टाळ्या झाल्या, फोटो निघाले. त्या पाचांपैकी एक गृहस्थ दर शनिवारी मागच्या बाकावर बसून प्रार्थना करायचे. त्यांच्यावर वाईट दिवस आलेत हे चार माणसांनाच माहीत होतं. माझ्या कृपेने दीडशे जणांना कळलं. त्यानंतर ते आमच्याकडे कधी आले नाहीत. मी घरी जाऊन माफी मागितली, त्यांनी मोठ्या मनाने चहा पाजला, पण बाक रिकामाच राहिला.

आमच्या रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, मला एका शब्दानेही बोल लावला नाही. फक्त मिश्नेतलं एक वाक्य उघडून समोर ठेवलं. जेरुसलेमच्या मंदिरात एक खोली होती, 'गुप्त लोकांची खोली' म्हण हवं तर. पापभीरू माणसं तिथे गुपचूप काहीतरी ठेवून जायची आणि चांगल्या घरची, पण परिस्थितीने गांजलेली माणसं तिथूनच गुपचूप घेऊन जायची. दोन्हींसाठी खोली एकच. आत कोण ठेवायला गेलं आणि कोण न्यायला, हे बाहेरून कळायची सोय नाही. गरजूंसाठीच्या आमच्या अन्नधान्याच्या कोठीला पुढे मागच्या बाजूने जो दरवाजा केला, तो या वाक्यामुळे. कुठलाही उपक्रम ठरवताना आधी दाराचा विचार कर.

मायमोनिडीसच्या त्सदाकाच्या आठ पायऱ्या तुला शाळेत घोकायला लावल्या असतील. बाराव्या शतकातला ज्यू धर्मपंडित आणि वैद्य तो. पायऱ्याही नाडी बघून लावल्यासारख्या. सगळ्यांत खाली, कपाळाला आठ्या घालून देणारा. सगळ्यांत वर, कर्ज देऊन, भागीदारी करून किंवा काम मिळवून देऊन समोरच्याला पुन्हा हात पसरावा लागू नये अशी तजवीज करणारा. बहुतेक समित्या मधल्या पायऱ्यांवर रमतात, कारण तिथे फोटो चांगले येतात. तुझ्या 14 उपक्रमांपैकी 11 रद्द करून एक बिनव्याजी कर्जाचा छोटा निधी काढलास, तरी मी तुझ्या बाजूने बोलेन. गरिबाला दिलेल्या कर्जावर व्याज घेऊ नये ही तोराची आज्ञाच आहे, आणि न्यूयॉर्कमध्ये 1892 पासून अशी बिनव्याजी कर्ज देणारी ज्यू संस्था चालू आहे. नवं काही शोधायला नको.

पैशाबद्दल मात्र कडक राहा. जुन्या ज्यू वस्त्यांत दोन व्यवस्था असत. 'कुप्पा' म्हणजे आठवड्याची पेटी, आणि 'तमहुई' म्हणजे रोजच्या अन्नाची थाळी. कुप्पाचा नियम असा की गोळा करायला किमान दोघांनी जायचं आणि वाटप तिघांनी करायचं. गोळा करताना दोघे, कारण लोकांकडून पैसे मागणं ही सत्ताच आहे आणि ती एकट्याच्या हाती नको. वाटताना तिघे, कारण कुणाला किती हा पैशाचा निवाडा आहे आणि तशा निवाड्याला तीन न्यायाधीश लागतात. तू प्रामाणिक आहेस म्हणून हा नियम तुला लागू नाही, असं समजू नकोस. कोठीची किल्ली, बँकेची सही, यादी, यातलं काहीही एकाच माणसाकडे ठेवू नको. तुझ्याकडे तर मुळीच नको.

समितीत लवकरच कुणीतरी विचारेल, "हे लोक खरंच गरजू आहेत का, तपासायला नको?" हा वाद तलमूदमध्येही, म्हणजे मिश्नेवरच्या पंडितांच्या चर्चांच्या ग्रंथातही आहे. रव हुना म्हणाले, अन्न मागणाऱ्याची चौकशी करा, कपडे मागणाऱ्याची नको, कारण उघड्या माणसाची विटंबना होते. रव यहुदा नेमकं उलट म्हणाले: कपड्यांसाठी चौकशी करा, अन्नासाठी नको, कारण भुकेल्याचा जीव तळमळतो. निर्णय रव यहुदांच्या बाजूने लागला. तेव्हा जो अन्न मागतो त्याला अर्ज, ओळखपत्र, उत्पन्नाचा दाखला काही मागायचं नाही. अधूनमधून कुणी फसवेल. फसू दे.

"फक्त आपल्याच लोकांना का नाही?" हाही प्रश्न येईल. त्याचं उत्तर मला एका वाक्यात देता आलेलं नाही. आपल्या गावच्या गरिबाला प्राधान्य, हे खरंच. पण ज्यू नसलेल्या गरिबालाही ज्यू गरिबाबरोबरच पोसावं, त्यांच्या आजाऱ्यांना भेटावं, त्यांच्या मृतांना मूठमाती द्यावी, 'शांततेच्या मार्गांसाठी', हेही तलमूदमध्येच आहे. आमच्या कोठीत रांगेतल्या माणसाला धर्म विचारायचा नाही एवढं ठरवून आम्ही पुढे गेलो. मतभेद राहिले, आणि काम चाललं.

आता माणसं जमवण्याबद्दल. आपली पंचाईत अशी की सगळी मंडळी एकत्र भेटतात ती शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवार संध्याकाळपर्यंतच्या विश्रांतीच्या दिवशी, आणि नियम पाळणाऱ्यांना त्या दिवशी ना पैसे हाताळता येत, ना नाव लिहून देता येत. काही सिनेगॉगमध्ये यावर छान तोड आहे: योम किप्पूरला, प्रायश्चित्ताच्या उपासाच्या दिवशी, छापील कार्डं देतात, त्यावर आकड्यांच्या कडा असतात, देणगीचा आकडा लिहायचा नाही, फक्त कड दुमडायची. तू कामांसाठी तशी कार्डं कर. 'गुरुवारी संध्याकाळी गाडी चालवीन', 'महिन्यातून एकदा दवाखान्यात जाईन', अशा कडा. नुसती व्यासपीठावरून घोषणा केलीस तर सगळे माना डोलावतील आणि गुरुवारी तू एकटी असशील. एकेकाजवळ जाऊन नाव घेऊन विचार. निवृत्त हिशेबनीसाला पोती उचलायला लावू नको, त्याला वही दे.

दवाखान्यात जाणाऱ्यांना एक गोष्ट आवर्जून सांग. रब्बी अकिवा या प्राचीन काळच्या थोर गुरूंचा एक शिष्य आजारी पडला, कुणी फिरकलं नाही. अकिवा स्वतः गेले. ते आले म्हणून खोली झाडली गेली, पाणी शिंपडलं गेलं, आणि शिष्य बरा झाला. आजाऱ्याला उपदेश नको असतो. उशी सरळ कर, फुलं आणण्याआधी पाण्याचा तांब्या भर.

तुझ्या आराखड्याच्या शीर्षकातल्या 'तिक्कुन ओलाम'ला माझी हरकत नाही, पण मिश्नेत तो शब्द घटस्फोटाची कागदपत्रं, कर्जवसुली अशा रुक्ष कलमांत येतो. जग दुरुस्त करणं म्हणजे आधी कागदपत्रं नीट ठेवणं, असा अर्थ मी माझ्यापुरता काढलाय. रब्बींना सांगू नको.

एक राहिलंच. त्सदाकावर जगणाऱ्या गरिबानेही त्सदाका द्यायची, असा नियम आहे. पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तो निष्ठुर वाटला होता. मग कोठीत नेमाने येणारी एक आजी एकदा म्हणाली, "मी बसून डाळ निवडून देऊ का?" आम्ही "राहू द्या, तुम्ही कशाला" म्हणालो, आणि तिचा चेहरा पडला. पुढच्या आठवड्यापासून ती टेबलाच्या आतल्या बाजूला बसू लागली. वर्षभरात वाटपाच्या तिघांत तिसरी ती होती, आणि यादीतल्या चुका आम्हा सगळ्यांपेक्षा तिलाच आधी दिसायच्या. तुझ्या समितीत अशी एक खुर्ची आजच मोकळी ठेव.

आराखडा तीन ओळींचा करून पाठव. फोन करायचा तर शुक्रवारी दुपारी कर. सूर्य मावळल्यावर मी उचलणार नाही.

तुझा,
जुना कोठीवाला