प्रश्नोत्तरे : कोंबडीखाद्यातील सोया पेंड कमी करताना

सोया पेंडेचा दर चढला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय ठरलेला असतो. २०२१ मध्ये तो इतका कडाडला, की ऑगस्टमध्ये केंद्र सरकारला जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करण्यास परवानगी द्यावी लागली. कोल्हापूर जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांची उत्तरे या अंकात देत आहोत.

प्रश्न : माझ्याकडे दोन हजार लेअर (अंड्यावरचे) पक्षी असून खाद्य मी स्वतः भरडून मिसळतो. शंभर किलोला २२ किलो सोया पेंड जाते. गावातल्या तेलघाण्यावर शेंगपेंड स्वस्त मिळते आणि दोन्हींतली प्रथिने जवळपास सारखीच सांगतात, म्हणून मागच्या हंगामात निम्म्या सोयाच्या जागी शेंगपेंड घातली. तीन आठवड्यांत अंडी बारीक पडू लागली. चूक कोठे झाली? (अंडी उत्पादक, ता. हातकणंगले)

उत्तर : चूक किलोला किलो बदलण्यात झाली. कोंबडीला प्रथिनांतली अमिनो आम्ले ठराविक प्रमाणात लागतात आणि त्यांतले एक जरी कमी पडले, तरी बाकीच्यांची रेलचेल असून उपयोग होत नाही. अंड्याचे वजन त्या कमी पडलेल्या आम्लाच्या मापाने उतरते. लायसिन आणि मेथिओनिन ही त्यांतलीच दोन आम्ले. एक किलो सोया पेंडेत लायसिन सुमारे २८ ग्रॅम असते, शेंगपेंडेत ते १४ ते १५ ग्रॅम भरते. मेथिओनिन सोयात मुळातच कमी, किलोला सहा ग्रॅमच्या आसपास. शेंगपेंडेत ते त्याहूनही कमी, चार ते साडेचार ग्रॅम. पोत्यावर दोन्हींची प्रथिने चाळीस टक्क्यांच्या पुढे दिसतात, त्यामुळे हा फरक ध्यानात येत नाही.

सुरुवातीला शंभर किलो खाद्यातली पाच किलोच सोया पेंड काढून तेवढी शेंगपेंड घालावी. त्यामुळे लायसिन साधारण ६५ ते ७० ग्रॅमने घटेल. बाजारात मिळणाऱ्या लायसिन हायड्रोक्लोराइडमध्ये शुद्ध लायसिन ७८ टक्के असते, म्हणजे त्या पावडरीचे ८५ ते ९० ग्रॅम आणि मेथिओनिनचे आठ-दहा ग्रॅम, आपण आज जे घालत असाल त्याच्यावर, वाढवावे लागतील. एवढीशी पावडर थेट शंभर किलोच्या ढिगावर टाकली तर एका पाटीत जास्त आणि दुसरीत काहीच नाही, असे होते. ती आधी दोन किलो मक्याच्या भरड्यात नीट कालवावी, तो भरडा दहा किलोत आणि मग सगळ्या खाद्यात मिसळावा. बदल सात ते दहा दिवसांत टप्प्याटप्प्याने करावा आणि दर आठवड्याला त्याच पिंजऱ्यांतली तीस अंडी वजन करून वहीत मांडावीत. पाच किलोच्या पुढे जायचे असेल, तर थ्रिओनिनसारखी इतर आम्लेही हिशेबात घ्यावी लागतात. तो हिशेब पशुआहारतज्ज्ञाकडून करून घ्यावा. या पावडरींची किंमत धरल्यावरही शेंगपेंड स्वस्त पडते का, हे मात्र आधी पाहावे. पुष्कळदा बचत वाटते तेवढी उरत नाही.

शेंगपेंडेचा खरा धोका बुरशीचा आहे. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये टर्कीची एक लाखाहून अधिक पिल्ले मेली आणि शोध घेता त्याचे कारण ब्राझीलहून आलेल्या शेंगपेंडेत सापडले. अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष जगाला कळले ते त्यातूनच. आपल्याकडच्या पावसाळी हवेत घाण्याची तेलकट पेंड लवकर खवट होते व बुरसते. ती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवावी आणि जून ते सप्टेंबर या काळात पंधरा दिवसांपुरतीच आणावी. बुरसलेली पेंड उन्हात घातल्याने किंवा भाजल्याने बुरशी मरते, पण विष नाहीसे होत नाही, आणि बुरशी डोळ्यांना दिसली नाही म्हणून विष नाही असेही समजू नये. नवीन घाण्याकडून माल घेताना पहिल्या पोत्याची प्रयोगशाळेत तपासणी करून घेणे आपल्या दोन हजार पक्ष्यांच्या मानाने महाग नाही.

प्रश्न : दारात म्हशी असल्याने सरकी पेंड आणि गोळी पेंड घरात कायम असते. तीच थोडी कोंबड्यांना घातली तर चालेल का? (वाचक, ता. करवीर)

उत्तर : अंड्यावरच्या कोंबड्यांना यांपैकी काहीच घालू नये. सरकीतले गॉसिपॉल हे विषारी द्रव्य म्हशीच्या पोटात बऱ्याच अंशी निष्प्रभ होते, कोंबडीच्या पोटात तसे होत नाही. ते बलकातल्या लोहाशी संयोग पावते आणि अंडे काही दिवस ठेवले की बलक हिरवट-तपकिरी पडतो. सरकीच्या तेलामुळे पांढऱ्या भागालाही गुलाबी छटा येते. असे अंडे गिऱ्हाईक एकदाच परत आणून देते. गोळी पेंडेत काही उत्पादक युरिया घालतात. त्यापासून प्रथिने बनवण्याचे काम म्हशीच्या पोटातले जिवाणू करतात. कोंबडीला तो अपायच करतो.

प्रश्न : दर पडल्याने घरचे सोयाबीन विकलेले नाही. ते भरडून घातले तर विकतची पेंड वाचेल ना? (शेतकरी, ता. कागल)

उत्तर : वाचेल, पण कच्चे घालू नये. कच्च्या सोयाबीनमधील घटक प्रथिनांचे पचन रोखतात व स्वादुपिंड सुजवतात, त्यामुळे दाणे भाजूनच भरडावेत. भाजणी पुरेशी झाली की नाही, हे घरी ताडता येते : दोन चमचे भरडा, चमचाभर युरिया आणि थोडे पाणी बाटलीत घालून झाकण घट्ट लावावे आणि वीस-पंचवीस मिनिटांनी उघडून वास घ्यावा. अमोनियाचा उग्र वास आला तर दाणे कच्चे आहेत. बाटलीतला भरडा टाकून द्यावा. दाणे करपवूही नयेत, कारण करपल्यावर लायसिन निकामी होते. भाजलेल्या दाण्यात प्रथिने ३६ ते ३८ टक्के आणि तेल १८ ते २० टक्के असते. म्हणून शंभर किलोला दहा किलोपर्यंतच घालून मका थोडा कमी करावा.

प्रश्न : अझोला (पाण्यावर वाढणारी वनस्पती) घातला की सोया पेंड लागतच नाही, असे ऐकले. माझ्याकडे चाळीस गावरान कोंबड्या आहेत. (गृहिणी, ता. राधानगरी)

उत्तर : ताई, वाळलेल्या अझोल्यात प्रथिने २० ते २५ टक्के असतात हे खरे, पण ओल्या अझोल्यात ९० टक्क्यांहून अधिक पाणीच असते. शंभर ग्रॅम ओला अझोला खाल्ला तरी कोंबडीच्या पोटात जेमतेम दीड ग्रॅम प्रथिने जातात. रोज अंडे देणाऱ्या संकरित कोंबडीला १६ ते १८ ग्रॅम लागतात. तिचे पोट पाण्यानेच भरेल. आपल्या कोंबड्या दिवसभर परसात आणि उकिरड्यावर किडे-मुंग्या टिपतात आणि अंडीही कमी देतात, तेव्हा त्यांना सोया पेंड मुळातच थोडी लागते. दर कोंबडीमागे रोज मूठभर अझोला सायंकाळच्या कण्यांबरोबर जरूर द्यावा, त्याने बलकाला चांगला पिवळा रंगही येतो. मात्र खड्ड्यातून काढल्यावर तो दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्यावा. शेणकाल्याचा वास राहिला तर कोंबड्या त्याला चोच लावत नाहीत.