ग्लायडरची बॅटरी : बारा व्होल्टची की चौदाची?

प्रश्न : आम्ही चौघे मित्र शनिवार-रविवारी मुंबईहून पुण्याकडे ग्लायडिंगसाठी जातो. आमच्या सामाईक मालकीच्या जुन्या एक-आसनी ग्लायडरमध्ये १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी आहे. सकाळी रेडिओ उत्तम चालतो. दुपारी तीननंतर मात्र आमचे बोलणे घोगरे आणि तुटक ऐकू येते, अशी जमिनीवरच्या सहकाऱ्यांची तक्रार असते. आम्हांला त्यांचे बोलणे स्वच्छ ऐकू येते. एका ज्येष्ठ वैमानिकांनी बॅटरीला २ व्होल्टचा एक सेल जोडून ती १४ व्होल्टची करून घ्या, असे सुचवले आहे. तसे करावे का? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : आपल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांचा सल्ला निराधार नाही, त्यामागे एक जुने आणि खरे कारण आहे. विमानात इंजिनावर चालणारा अल्टरनेटर असतो आणि तो चालू असताना १२ व्होल्टच्या बॅटरीवरही प्रत्यक्षात सुमारे १४ व्होल्ट मिळत राहतात. जुन्या पिढीतले विमान-रेडिओ याच १४ व्होल्टवर पूर्ण क्षमतेने चालतील अशा बेताने तयार केलेले असत. ग्लायडरला इंजिन नाही आणि अल्टरनेटरही नाही. रात्री भरलेली बॅटरी सकाळी बसवायची आणि संध्याकाळपर्यंत तिच्यावरच भागवायचे, असा आपला व्यवहार असल्यामुळे त्या रेडिओला पहिल्या मिनिटापासूनच थोडे कमी व्होल्टेज मिळते आणि पुढे ते उतरतच जाते.

ही उतरण किती असते ते पाहू. लेड-अ‍ॅसिड बॅटरीत २-२ व्होल्टचे सहा सेल असतात. पूर्ण भरलेली बॅटरी भार न देता ठेवली, तर तिच्यावर साधारण १२.८ व्होल्ट दिसतात, अर्धी संपली की १२.२ च्या आसपास, आणि भार चालू असताना १०.५ व्होल्टला ती संपली असे धरतात. रेडिओ नुसता ऐकत असतो तेव्हा तो फार थोडा विद्युतप्रवाह घेतो. बोलण्याचे बटण दाबले की तोच प्रवाह दोन अँपिअरच्या घरात जातो. आपल्याला ऐकू नीट येते आणि आपले बोलणे मात्र बिघडते, याचे कारण हेच आहे. विमानांचे बोलणे ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात एएम पद्धतीने, म्हणजे आवाजाच्या चढउताराप्रमाणे लहरीची उंची बदलून पाठवले जाते. ज्या रेडिओत व्होल्टेज स्थिर राखण्याची आतली सोय नसते, त्यात पुरवठा १३.८ वरून ११.५ व्होल्टवर आला की प्रक्षेपणाची शक्ती सुमारे सत्तर टक्क्यांवर येते. तेवढ्याने पल्ल्याचे फारसे बिघडत नाही, कारण हजार मीटर उंचीवरच्या ग्लायडरला सरळ रेषेत शंभर किलोमीटरहून अधिक मुलूख मोकळा असतो. बिघडतो तो आवाज. मोठ्याने उच्चारलेल्या अक्षरांच्या वेळी लहरीला उंच जायला जागाच उरत नाही, तिचे शेंडे छाटले जातात, आणि ऐकणाऱ्याला घोगरे, अडखळते बोलणे ऐकू येते.

तरीही २ व्होल्टचा सेल विकत घेण्यापूर्वी एक तपासणी करावी, अशी माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे. बॅटरीवर छापलेला आकडा आणि रेडिओच्या पाठीमागे पोहोचणारे व्होल्टेज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि रेडिओला फक्त दुसरी कळते. दिवसाचे उड्डाण संपल्यावर, बॅटरी भरण्यापूर्वी, नेहमीची सगळी उपकरणे चालू ठेवा. जमिनीवरच्या नियंत्रकांना आधी कळवून बोलण्याचे बटण पाच सेकंद दाबा आणि त्या वेळी मल्टिमीटरने दोन ठिकाणी व्होल्टेज मोजा : एकदा थेट बॅटरीच्या टोकांवर, एकदा रेडिओच्या मागच्या कनेक्टरवर. बॅटरीवर ११.८ आणि रेडिओवर ११.५ आले, तर बॅटरी अपुरी आहे असे समजा. बॅटरीवर १२.२ आणि रेडिओवर ११ आले, तर बॅटरीचा काही दोष नाही. मधली वायर, फ्यूज, स्विच किंवा एखादा जोड ते १.२ व्होल्ट खात आहे.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एका दोन-आसनी ग्लायडरची अशीच तक्रार माझ्याकडे आली होती. तोपर्यंत रेडिओ एकदा आणि बॅटरी दोनदा बदलून झाली होती. बटण दाबल्यावर बॅटरीवर १२.० व्होल्ट होते आणि रेडिओमागे १०.६. मीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी रेडिओच्या ऋण टोकाला लावली, तर त्या एका वायरीवरच सव्वा व्होल्ट दिसला. तीच वायर बोटांनी चाचपत मागच्या आसनाखाली गेलो, तेव्हा एका थिंबलजवळ, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या जोडाजवळ, तिचे काळे आवरण तपकिरी पडून कडक झालेले आढळले. थिंबलच्या तोंडाशी हिरवट-पांढरी पूड साचली होती आणि तांब्याच्या निम्म्याहून अधिक तारा तुटलेल्या होत्या. तीन अँपिअर प्रवाहाला सव्वा व्होल्टची अडवणूक म्हणजे जवळजवळ चार वॅटची उष्णता, आणि ती सारी त्या बोटभर जागेत निर्माण होत होती. दोन इंच वायर कापून नवे थिंबल नीट दाबून बसवले आणि रेडिओचा घोगरेपणा गेला. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत ज्यांची उपकरणे किंवा ट्रेलर वर्षभर उभे असतात, त्यांनी तर हे जोड दरवर्षी पावसाळ्यानंतर उघडून पाहावेतच.

वायरीच्या जाडीचाही हिशेब करा. बॅटरी आसनामागे आणि रेडिओ पुढच्या पॅनलवर असला, तर जाऊन-येऊन सहा मीटर वायर सहज होते. ती अर्ध्या एमएमची (म्हणजे अर्धा चौरस मिलिमीटर छेदाची) असेल, तर तिचा रोध सुमारे ०.२ ओहम भरतो आणि तीन अँपिअरला ०.६ व्होल्ट वाटेतच जातात. तिथे दीड एमएमची वायर घातली की ही घट ०.२ व्होल्टवर येते. बारा व्होल्टच्या बॅटरीचा पहिला निम्मा साठा वापरला जाईपर्यंत व्होल्टेज जेवढे उतरते, त्याच्या सुमारे दोन-तृतीयांश आपण केवळ वायर बदलून परत मिळवू शकतो. मुख्य फ्यूज मात्र बॅटरीच्या शक्य तितका जवळ असावा. पॅनलमधला फ्यूज पॅनलमधल्या उपकरणांना वाचवतो, पण मागून येणाऱ्या त्या तीन मीटर वायरीला त्याचे संरक्षण नसते.

आता १४ व्होल्टबद्दल. सात सेलची बॅटरी पूर्ण भरल्यावर १४.९ च्या आसपास स्थिरावते आणि चार्जरवरून नुकतीच काढलेली असताना त्याहून वर असते. आपल्या ग्लायडरमधल्या प्रत्येक उपकरणाच्या माहितीपुस्तिकेत कमाल व्होल्टेज दिलेले असते. त्यातले सर्वांत लहान जे असेल, ती आपली मर्यादा. रेडिओला १४ व्होल्ट मानवतात म्हणून जुन्या इलेक्ट्रिक व्हेरिओमीटरलाही (वर चढण्याचा-खाली उतरण्याचा वेग दाखवणाऱ्या उपकरणालाही) मानवतील, असे धरून चालू नका. शिवाय सात सेल भरायला सुमारे १६.८ ते १७ व्होल्ट लागतात. ती बॅटरी ग्लायडरमध्ये असताना कोणी उपकरणांचा मुख्य स्विच चालू ठेवून चार्जर लावला, तर तो दिवस महागात पडेल. जोडायचा सेलही त्याच क्षमतेचा आणि त्याच वयाचा लागतो. लहान किंवा थकलेला सेल सर्वांत आधी रिकामा होतो आणि उरलेले सहा सेल त्याच्यातून प्रवाह रेटतच राहून, त्याची धन-ऋण टोके उलटी करून त्याला कायमचा मारून टाकतात.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. आधी मीटर लावा, मग वायर आणि जोड सुधारा. त्यानंतरही दुपारी तीनला बटण दाबल्यावर रेडिओवर १२ व्होल्ट टिकत नसतील, तर २ व्होल्टचा सेल जोडण्यापेक्षा चार सेलची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेणे अधिक बरे. तिचे व्होल्टेज दिवसभर १३ च्या थोडे वर राहते, म्हणजे जुन्या रेडिओला जे हवे आहे त्याच्या जवळ, आणि भरतानाही ती १४.६ च्या वर जात नाही.

एक गोष्ट मात्र कोणत्याही परिस्थितीत टाळू नका. ७ अँपिअर-तासांची लेड-अ‍ॅसिड बॅटरी साधारण अडीच किलोची असते आणि तेवढ्याच क्षमतेची लिथियम बॅटरी एक किलोच्या आसपास. दीड किलो वजन आसनामागून किंवा शेपटीच्या उभ्या पंखातून कमी झाले की गुरुत्वमध्य सरकतो. प्रमाणपत्र असलेल्या ग्लायडरमध्ये बॅटरीचा प्रकार बदलणे हा वैमानिकाने परस्पर उरकण्याचा विषय नाही. परवानाधारक अभियंत्यांकडून त्याची मान्यता, नवा वजन-तोल तक्ता आणि नोंदवहीतली नोंद हे सारे झाल्यावरच उड्डाण करावे.

प्रश्न : मी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतली आहे. तिच्यावर '७ एएच' (अँपिअर-तास) लिहिले आहे. गेल्या रविवारी साडेतीन तास मीटर १३.२ व्होल्ट दाखवत होता आणि पुढच्या दहा मिनिटांत सगळा पॅनल बंद पडला. बॅटरी खराब निघाली का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : बॅटरी खराब असेलच असे नाही. लेड-अ‍ॅसिड बॅटरी जिना उतरावा तशी उतरते, त्यामुळे तिचे व्होल्टेज पाहून किती उरले याचा अंदाज येतो. आपल्या बॅटरीचे व्होल्टेज पठारासारखे आहे. कड्यापाशी पोहोचेपर्यंत ते सपाटच दिसते आणि मग आतले संरक्षक सर्किट सेल वाचवण्यासाठी पुरवठा एकदम तोडते. या बॅटरीसाठी व्होल्टमीटरवर विसंबू नये. खर्च झालेले अँपिअर-तास मोजणारा छोटा मीटर लावावा, किंवा निदान घड्याळ आणि कागद यांवर हिशेब ठेवावा.

तो हिशेब असा करता येतो. रेडिओ सरासरी ०.२ अँपिअर, व्हेरिओमीटर आणि नोंदयंत्र मिळून ०.२, टक्करसूचक यंत्र ०.१, उन्हात दिसेल इतका उजळ पडदा असलेला उड्डाण-संगणक ०.५, एकूण साधारण १ अँपिअर. हे आकडे नमुन्याचे आहेत, आपल्या उपकरणांचे आपण मोजून घ्या. ग्लायडिंगच्या रौप्य बिल्ल्यासाठी ५ तास हवेत राहावे लागते, म्हणजे ५ अँपिअर-तास तर तेवढ्यालाच हवेत. त्याआधी विंचच्या (ग्लायडरला दोराने ओढून वर चढवणाऱ्या यंत्राच्या) रांगेत चालू राहिलेल्या पॅनलचा खर्च वेगळा.

आपली बॅटरी साडेतीन तासांत संपली, यावरून माझी शंका दुसरीकडे जाते. मोटारसायकल सुरू करण्यासाठी बनवलेल्या काही लिथियम बॅटऱ्यांवर 'शिसे-समतुल्य' क्षमता छापलेली असते. इंजिनाला धक्का देण्याच्या ताकदीत ती ७ एएच लेड-अ‍ॅसिडच्या बरोबरीची असते, साठा मात्र त्याच्या निम्म्याहूनही कमी असू शकतो. वेष्टणावर वॅट-तास दिले आहेत का ते पाहा. ७ अँपिअर-तासांच्या खऱ्या बॅटरीत १२.८ गुणिले ७, म्हणजे जवळजवळ ९० वॅट-तास असायला हवेत. वॅट-तास छापलेले नसतील, तर घरी १ अँपिअरचा भार लावून ती किती तास टिकते ते घड्याळावर मोजा. आणि दुसरी स्वतंत्र बॅटरी व निवडीचा स्विच बसवता येत असेल, तर अवश्य बसवा. कडा अचानक येणार हे ठाऊक असताना एकाच बॅटरीवर लांब उड्डाणाला निघू नये.

प्रश्न : माझा मुलगा ड्रोन बनवतो. त्याच्याकडे तीन आणि चार सेलचे लिथियम-पॉलिमर पॅक आहेत. ते हलके आणि दमदार आहेत. ग्लायडरमध्ये चालतील का? (एक वाचक, दादर)

उत्तर : चालवू नका. तीन सेलचा पॅक भरलेला असताना १२.६ व्होल्ट आणि संपत आला की ९ ते १० व्होल्ट देतो. म्हणजे रेडिओसाठी तो लेड-अ‍ॅसिडहूनही उणा. चार सेलचा भरलेला पॅक १६.८ व्होल्ट देतो, जे अनेक जुन्या उपकरणांच्या मर्यादेपलीकडे आहे. व्होल्टेज जुळले असते तरी माझे उत्तर तेच राहिले असते. या पॅकला कठीण कवच नसते, त्यातल्या बहुतेकांत संरक्षक सर्किट नसते, आणि ठेचला, फुगला किंवा जादा भरला गेला तर तो पेट घेऊ शकतो. ड्रोन पेटले तर आपण दूर उभे असतो. ग्लायडरमध्ये तो पॅक आपल्या पाठीमागे हातभर अंतरावर असतो आणि लाकूड, कापड किंवा फायबरच्या त्या सांगाड्यातून खाली यायला काही मिनिटे लागतात.

प्रश्न : बॅटरी दर रविवारी घरी आणून भरतो. संगणकाच्या यूपीएसमधून काढलेली बॅटरी आणि स्कूटरचा चार्जर वापरला तर चालेल का? पावसाळ्यात ती कशी ठेवावी? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : यूपीएसमधली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी आकाराने आणि जातीने तीच असते हे खरे. पण यूपीएसमधून काढलेली म्हणजे बहुधा तिथे थकलेली. नवीच घ्या, वेष्टणावरची उत्पादनाची तारीख पाहून घ्या आणि बसवल्याची तारीख तिच्यावर चिकटवून ठेवा. चार्जर सीलबंद बॅटरीसाठी असावा, तो १४.४ ते १४.७ व्होल्टपर्यंत भरून नंतर आपोआप १३.५ ते १३.८ वर उतरणारा हवा, आणि प्रवाह दोन अँपिअरच्या आत असावा. मोठ्या बॅटरीच्या चार्जरने ती तापते आणि आतले पाणी उडून जाते, जे पुन्हा भरता येत नाही. लिथियम बॅटरीला तिचाच चार्जर लागतो. जुनी लेड-अ‍ॅसिड बॅटरी 'जागी' करण्यासाठी जास्त व्होल्टेजचे झटके देणारे चार्जर लिथियम बॅटरीला लावू नका.

पावसाळ्यात उड्डाणे मंदावली की लेड-अ‍ॅसिड बॅटरी पूर्ण भरून कोरड्या जागी ठेवा आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा भरा. अर्धवट संपलेल्या अवस्थेत ती तीन महिने पडून राहिली, तर पट्ट्यांवर सल्फेटचा कठीण थर धरतो आणि क्षमता परत येत नाही. लिथियम बॅटरी उलट अर्धी भरून, भार पूर्ण सोडवून ठेवावी. आणि लोकलमधून नेताना दोन्ही टोकांवर टोप्या किंवा निदान इन्सुलेशन टेप लावलेली असू द्या, पिशवीत किल्ल्या आणि सुटी नाणी तिच्याबरोबर ठेवू नका.