गल्लीतला रस्ता एका रात्रीत कसा तडकला?

प्रश्न : आमच्या शिवाजी पेठेतल्या गल्लीत एप्रिलमध्ये काँक्रीटचा रस्ता केला. भर दुपारी ओतला आणि सकाळी बघतोय तर आडव्या भेगा. ठेकेदार म्हणतोय हवेमुळं झालं, माल एक नंबर होता. खरं काय ओ?

उत्तर : निम्मं खरं आहे त्याचं. पण एप्रिलात दुपारी ऊन असतं हे कोल्हापुरात कुणाला माहीत नाही?

आधी भेगा कशा दिसतायत ते बघा. हात-दीड हाताच्या, एकमेकींना समांतर, कडेपर्यंत न पोचलेल्या असतील तर त्या ओल्या काँक्रीटमध्येच, पहिल्या काही तासांत पडलेल्या. खालून पाणी वर यायच्या आत वरचं उडून जातं आणि पृष्ठभाग आकसतो. तासाला चौरस मीटरमागं १ लिटरच्या आसपास पाणी उडायला लागलं की धोका, आणि त्यात नुसतं ऊन नसतं, कोरडी हवा आणि वारा पण असतो, म्हणून ढगाळ पण वाऱ्याच्या दिवशीही हे होतं. अशा वेळी मिक्सरमध्ये जास्तीचं पाणी मारतात ते तर अजिबात नको, आकसणं आणखी वाढतं.

पण तुम्ही लिहिलंय आडव्या, म्हणजे बहुतेक या कडेपासून त्या कडेपर्यंत आरपार. तो प्रकार वेगळा. दुपारी ओतलं की सिमेंटची स्वतःची उष्णता आणि उन्हाची उष्णता एकदम चढते, काँक्रीट तापलेल्या अवस्थेतच घट्ट होतं, मग रात्री गार होताना आखडतं. १०० मीटर रस्ता २० अंशांनी गार झाला तर साधारण २ सेंटिमीटर आखडायला बघतो, खालचा थर त्याला सरकू देत नाही, मग तो तुटतो. संध्याकाळी वळीव आला तर आपण म्हणतो बरं झालं, आयतं पाणी मिळालं, पण तापलेल्या स्लॅबवर गार पाऊस म्हणजे वरचा थर झटकन आकसणार.

म्हणूनच दर ४-४.५ मीटरवर कटर मारायचा असतो, म्हणजे मशिननं आडवी खाच कापायची, जाडीच्या पाव ते एक तृतीयांश खोल, म्हणजे भेग पडलीच तर त्या खाचेखाली पडते. हवेप्रमाणं ४ ते १२ तासांत हे काम उरकावं लागतं, उन्हाळ्यात लवकरच. कटरवाला सकाळी येतो म्हणाला असेल तर तिथंच घोळ झाला. ठेकेदाराला कटर किती वाजता मारला एवढंच विचारा.

पुढच्या गल्लीचं काम असेल तर संध्याकाळी ओतायला लावा, फिनिशिंग झालं की लगेच क्युरिंग कंपाऊंड (पाणी उडू नये म्हणून वरून मारायचा फवारा), नंतर ओलं गोणपाट, निदान १४ दिवस. आत्ताच्या आरपार भेगा मात्र पावसाळ्याआधी सीलंटनं भरून घ्या, वरून सिमेंटचं पाणी ओतून भागणार नाही.