एम.ए. राज्यशास्त्र सुरू करतोयस? आधी एवढं बघ

अरे बीए दुसऱ्या विषयात झालंय म्हणून घाबरू नकोस, फक्त कॉलेजच्या ऑफिसात पात्रता विचारून घे आणि मगच फॉर्म भर. कोर्स दोन वर्षांचा, चार सेमिस्टर. नवीन शैक्षणिक धोरणात आपल्याकडे महाराष्ट्रात साधारण ८८ क्रेडिट लागतात, म्हणजे सेमला २२. नुसते पेपर देऊन भागत नाही, रिसर्च मेथडॉलॉजी, इंटर्नशिप किंवा फिल्ड प्रोजेक्ट आणि दुसऱ्या वर्षी रिसर्च प्रोजेक्टपण असतो.

सुरुवातीला सगळे चुकतात ते इथे:

- इंटर्नल (कॉलेजातले अंतर्गत मार्क) हलक्यात घेणं. नेटसाठी (प्राध्यापक व्हायची पात्रता परीक्षा) एम.ए.ला ओपनला ५५ टक्के लागतात (ओबीसी नॉन-क्रीमीलेअर, एससी, एसटी, दिव्यांग वगैरेंना ५०), आणि तेच दोन-तीन टक्के नंतर नडतात बघ.
- प्रोजेक्टला ‘भारतीय लोकशाही’ एवढा मोठा विषय घेणं. त्यापेक्षा नाशिक महापालिकेचा एखादा प्रभाग किंवा सिन्नरकडची एक ग्रामपंचायत घे, ग्रामसभेचं इतिवृत्त मागून वाच, किती जणांच्या सह्या आहेत आणि त्यात बाया किती ते मोज, इथेच निम्मं काम होतं.
- फक्त गाईड वाचणं. सावानात (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) जाऊन बस की जरा!

नोकरी करत असशील तर मुक्त विद्यापीठ इथेच नाशकात आहे, तिकडचंही माहितीपत्रक बघ. पीएचडीचं आत्ता डोक्यात घेऊ नको, पहिलं सेम निघू दे.