कपाटात सापडलेली १९७५ची दोम पेरिन्यों: किंमत किती, विकायची कुठे?

दोम पेरिन्यों ही फ्रान्सची नावाजलेली शॅम्पेन, म्हणजे बुडबुड्यांची वाइन. साल आणि नाव दोन्ही चांगलं आहे, पण नुसत्या सालावर किंमत ठरत नाही. बाटली इतकी वर्षं कशी ठेवली होती, हा खरा प्रश्न. अंधारात, १०-१२ अंशांच्या आसपास राहिली असेल तर उत्तम. गरम कपाटात राहिली असेल तर भाव बराच उतरतो.

आधी बाटली उजेडासमोर धरा आणि द्रव मानेत कुठवर आहे ते बघा. पातळी खाली गेली असेल तर बुचातून हवा शिरलेली असते, बुडबुडेही गेलेले असू शकतात. लेबल, वरची पन्नी, बूच यांचे स्वच्छ फोटो काढा. लेबल कृपा करून पुसू नका! मूळ खोका किंवा खरेदीची पावती असेल तर तीही जपा, तिच्यामुळे खरेदीदाराचा विश्वास बसतो.

भावासाठी दुकानदारांनी मागितलेले आकडे धरू नका, त्याच सालाच्या बाटल्या लिलावात प्रत्यक्ष कितीला गेल्या ते पाहा. सदबीज, क्रिस्टीज या लिलाव कंपन्यांचे वाइन विभाग फोटोंवरून अंदाज देतात. कमिशन, विमा, वाहतूक वजा करून हातात काय उरतं ते आधीच विचारा. एकट्या बाटलीला ते नाही म्हणाले, तर परवानाधारक जुन्या वाइनच्या व्यापाऱ्याकडे जा.