जुन्या उपकरणांचा लॉट: पंखा घ्या, फ्रिज सोडा

प्रश्न: अडीअडचणीसाठी सहा महिन्यांच्या खर्चाएवढे पैसे बाजूला आहेत. त्यातले दोन महिन्यांचे काढून व्हॉल्व्ह रेडिओ (काचेच्या नळ्यांवर चालणारा जुना रेडिओ), टेबल फॅन, मिक्सर आणि १९६०च्या सुमाराचा फ्रिज असा लॉट घ्यावा का? वस्तू रोज वापरेन, पुढे किंमतही वाढेल.

उत्तर: पैसे तिथून काढू नका. छंदासाठी दरमहा वेगळी रक्कम टाका आणि लॉट फोडून एकेका वस्तूचा भाव विचारा. जुन्या वस्तूला ना व्याज ना लाभांश, आणि विकायची घाई असते तेव्हाच गिऱ्हाईक सापडत नाही. हा खर्चच धरा. दुरुस्तीसाठी खरेदीच्या निदान निम्मे वेगळे ठेवा.

पंखा आणि मिक्सर खुशाल घ्या. पंखा हळू फिरतो तो बहुधा बुश (दांडा ज्यात फिरतो ती कडी) कोरडा पडल्याने किंवा कपॅसिटर (वीज साठवणारा छोटा भाग) उतरल्याने. दोन्ही स्वस्तातली कामं. मिक्सरमध्ये ठिणग्या उडत असतील तर आधी कार्बन ब्रश, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे, बघा. नवे ब्रश घालूनही ठिणग्या राहिल्या तर आर्मेचर, म्हणजे मोटरचा तार गुंडाळलेला फिरता भाग, गेलं असं समजा. रिवाइंडिंगची (नवी तार गुंडाळण्याची) मजुरी विचारूनच सौदा करा. रबरी वायर वाकवल्यावर तडकली तर बदला, आणि धातूची बॉडी असेल तर तीन तारांची वायर घालून अर्थिंग द्या.

रेडिओ आणल्या आणल्या प्लगला लावू नका. जुने कपॅसिटर लीक असतात, त्यात ट्रान्सफॉर्मर जळतो. आधी १०० वॉटच्या बल्बच्या सिरीजमध्ये, म्हणजे वीज बल्बमधून जाऊनच रेडिओला मिळेल असा, लावा: बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, भगभगीत पेटूनच राहिला तर शॉर्ट. पार्ट किरकोळ, पैसे जातात ते मजुरीत.

फ्रिज मात्र रोज वीज खातो. २४ तास एनर्जी मीटर (किती युनिट वीज लागली ते मोजणारं यंत्र) लावून बघा. जुना ३ युनिट घेतो आणि नवा १, असं निघालं तर वर्षाला ७३० युनिटांचा फरक. आपल्या दराने गुणा. शिवाय त्यात बहुधा थंडावा देणारा आर-१२ गॅस असेल. ओझोनला घातक म्हणून १९८७च्या माँट्रियल करारानंतर त्याचं उत्पादन बंद होत गेलं. त्याच्या बदली आर-१३४ए हा गॅस भरायचा तर कॉम्प्रेसरमधलं मिनरल ऑइलही बदलावं लागतं. दाराचं गॅस्केट (कडेची रबरी पट्टी) मापाचं मिळेल याचीही खात्री नाही.

रूपच आवडलं असेल तर वायर काढून कपाट म्हणून वापरा. दाराला बाहेरून लागणारा खटका असेल तर तो आधी काढून टाका. लहान मूल आत शिरलं तर त्याला आतून दार उघडता येत नाही.